भाकरीच्या कडा

चौकात शालूबाईंच्या निधनाचा फ्लेक्स लागला आहे. आधार कार्डावरचा फोटो ताणून मोठा केला आहे, त्यामुळे त्या प्रभूमध्ये निद्रिस्त वगैरे अजिबात दिसत नाहीत, पोलीस ठाण्यात बसवून ठेवल्यासारख्या दिसतात. मागे फ्लेक्सवाल्याने स्वतःच्या मनाने एक धबधबा टाकला आहे आणि वर दोन पांढरी कबुतरं. शालूबाई आयुष्यात कधी धबधब्यापाशी गेल्या असत्या, तर पदर खोचून आधी तिथलं शेवाळ घासायला बसल्या असत्या. कबुतरांविषयी त्यांचं मत चर्चचा कौलारू माळा झाडणाऱ्या कोणत्याही बाईचं असतं तेच होतं. फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलं आहे: ‘प्रेमळ पत्नी, आदर्श माता आणि मंडळीची मूक सेविका.’

मजकूर चर्चच्या कमिटीने बैठक घेऊन ठरवला, असं कळलं. ‘प्रेमळ’ आणि ‘आदर्श’ हे शब्द छापखान्यात तयारच असतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ‘मूक’? ज्याने कोणी हा शब्द सुचवला, त्याला शालूबाईंनी एकदा तरी नक्की सुनावलं असणार आणि त्याने असा सूड उगवला असणार. मी ख्रिस्ती नाही, कमिटीत नाही, मला कोणी विचारलंही नाही. पण चौदा वर्षं त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिलो आहे. त्या मूक असत्या तर माझी झोप तरी नीट झाली असती.

आमचं गाव सावली या तालुक्याच्या गावापुढे, वैनगंगेच्या अलीकडे. चारी बाजूंना धानाच्या बांध्या, मध्ये एक जुनं कौलारू चर्च आणि चर्चच्या मागच्या भिंतीला लागून शालूबाईंचं घर. चर्चची किल्ली त्यांच्या कमरेला. कागदोपत्री तिथला शिपाई वेगळा होता, तो फक्त नाताळच्या दिवशी नवा शर्ट घालून फोटोत उभा राहायचा. झाडणं, पुसणं, घंटा वाजवणं, बाकांखालची वटवाघळांची घाण काढणं, कोणी गेलं तर बाईमाणसाला अंघोळ घालून शेवटची साडी नेसवणं, हे सगळं शालूबाई करत. सेवेच्या भावनेने, असं सगळे म्हणत. शालूबाई म्हणत, “भावनेनं नाई, झाडूनं करतो मी.”

बुटक्या होत्या, चालणं भरभर. झाडताना मोठ्याने प्रार्थना करायच्या. पहाटे माझ्या खिडकीतून ती मला रोज ऐकू यायची आणि तिच्यातून गावाच्या सगळ्या बातम्या कळायच्या. “प्रभू, पाळकीनबाईच्या गुडघ्याले आराम दे. जमलं तं जिभेले बी दे. त्या डेव्हिडच्या पोट्ट्याले बारावीत पास कर, मले म्हाईत आहे तुलेही कठीनच आहे, पन कर.” ही प्रार्थना नव्हती, कामाची यादी होती. देवाकडून कोणती कामं राहिली हे त्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा वाचून दाखवत.

पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू. ते बदलत राहत, शालूबाई राहत. एका पाळकसाहेबांना प्रवचन आवरतं घ्यायची कला अवगत नव्हती. बारा वाजले की चर्चच्या मागच्या खोलीतून भांडी वाजायला लागत. सव्वाबाराला परात पडे. साडेबाराला शालूबाई स्वतः दारात येऊन उभ्या राहत आणि घंटेच्या दोराकडे बघत. बाहेर पाळकसाहेबांनी विचारलं, “कसं झालं प्रवचन, शालूबाई?” तर म्हणाल्या, “लय चांगलं झालं. तीनदा संपलं.”

त्यांचे यजमान शमुवेलराव. वनखात्याच्या लाकूड डेपोत कारकून होते. सागाच्या ओंडक्यांवर आकडे टाकता टाकता त्यांची भाषाच कार्यालयीन झाली होती. मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, सेक्रेटरीही तेच, कारण गावात मोत्यासारखं अक्षर त्यांचं एकट्याचं. पाळक बदलत, कमिट्या बदलत, अक्षर तेच राही. घरात भाजीत मीठ कमी असलं तरी ते “मिठाच्या प्रमाणाबाबत पुनर्विचार व्हावा” असं म्हणत. शालूबाई त्यावर “मंजूर” म्हणून मिठाची वाटी आदळत. भांडण असं नव्हतंच. मी राहायला आलो तेव्हा तरी मला ते जोडपं मजेत दिसलं.

आता भाकरीचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. भाकरीचा एकेक लहान तुकडा आणि इवल्याशा काचेच्या पेल्यात घोटभर द्राक्षरस, एवढंच. पण ते घेणं म्हणजे आपण मंडळीतले, एका ताटातले. मोठ्या शहरांत यासाठी काय काय आणतात कोण जाणे, आमच्याकडे शनिवारी दुपारी शालूबाई काळ्या मनुका उकळून, कुस्करून, गाळून रस करत. तव्यावर बिनमिठाची, बिनखमिराची कणकेची भाकर भाजत. मग सुरीने तिचे बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे. गोल भाकरीचे चौकोनी तुकडे करायचे म्हणजे कडा उरणारच. त्या कडा चहासोबत माझ्या वाट्याला येत. “खा मास्तर, अजून प्रार्थना नाई झाली याच्यावर. आत्ता ही नुसती पोळी आहे.” मी बौद्ध माणूस, दर महिन्याला ख्रिस्ताच्या भोजनाच्या कडा खात राहिलो. चव कशालाच नसे, पण सवय लागली.

एकदा मोहाचा प्रकार झाला. एटापल्लीकडच्या एका पाड्यावर पाच-सात ख्रिस्ती घरं होती, तिथे वर्षातून एकदा पाळकसाहेब जात. सोबत महिला मंडळाच्या वतीने शालूबाई, कारण मंडळातल्या बाकीच्या महिलांना एसटी लागत असे. रस्ता असा, की मनुकांच्या रसाची बाटली पिशवीतच फुटली. पाळकसाहेबांनी खेद व्यक्त करून प्रभुभोजन रद्द केलं. जिच्या घरी उतरले होते त्या गोंड बाईने हळूच सांगितलं, “बाई, मोहाफूल आहे ना घरात, वाळवलेलं.” शालूबाईंनी टोपलीत हात घातला. दिसायला मनुकाच. धुतली, उकळली, रुमालातून गाळली.

मोहाफूल उकळलं की वास लपत नाही. तो वास ओळखत नाही असा माणूस आमच्या किंवा शेजारच्या जिल्ह्यात जन्माला यायचा आहे. वर्षानुवर्षं प्रार्थनेला न फिरकलेले पुरुष त्या दिवशी अंघोळ करून रांगेत येऊन बसले. पाळकसाहेबांना आपल्या प्रवचनाचा प्रभाव वाटला. रस गोड होता आणि साधा होता, आंबवल्याशिवाय काही चढत नाही, तरी दोघांनी परत जाताना गाणी म्हटली म्हणतात.

बातमी गावात त्यांच्याआधी पोचली. दारूबंदीच्या जिल्ह्यात प्रभूच्या मेजावर मोहा! कमिटीने चौकशी लावली आणि प्रश्न विचारायचं काम सेक्रेटरींकडे दिलं. शमुवेलरावांनी स्वतःच्या बायकोला टेबलासमोर उभं करून विचारलं, “आपण मोहाचा वापर केला, हे खरे आहे काय?”

“खरं आहे,” शालूबाई म्हणाल्या. “तिथी द्राक्षाचा वेल मले दिसला नाई. प्रभू त्या पाड्यावर जन्मला असता तं त्यालेही मोहाच भेटला असता. आन तुमी काल तीन लाडू खाल्ले ना, वा वा करत? ते कायचे होते वाटलं तुमाले?”

चौकशी तिथेच थांबली. शमुवेलरावांनी इतिवृत्तात ‘खुलासा समाधानकारक’ असं लिहिलं. त्या संध्याकाळी दोघं ओसरीवर बसून हसत होते, मी ऐकलं आहे. म्हणून पुढचं मला जास्त लागलं.

त्यांना एकच मुलगा, संदेश. सावलीला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याने प्रज्ञाशी लग्न केलं. प्रज्ञा सरकारी दवाखान्यात नर्स, आमच्या समाजातली. लग्न कोर्टात झालं. चर्चमध्ये करायचं तर मुलीने बाप्तिस्मा घ्यायला हवा होता आणि विहारात करायचं तर मुलाने बावीस प्रतिज्ञा. दोघांनी एकमेकांना काहीच मागितलं नाही, सरळ रजिस्टरवर सह्या केल्या. गावातल्या अर्ध्या लोकांना वाटलं, हे मीच जुळवलं. माझं स्वतःचं लग्न जुळवायला माझ्या आईला सहा वर्षं लागली होती, हे त्यांना माहीत नव्हतं.

कमिटी बसली. अशा लग्नाला नियम होता: सभासदाचं प्रभुभोजन बंद. तो मंडळीसमोर उभा राहून ‘माझी चूक झाली’ म्हणेल तेव्हाच सुरू. आता असले नियम पाळायचे की नाहीत हे कमिटीने ठरवायचं असतं, आणि त्याच कमिटीत दोन जणांची पोरं नागपूरला काय करत होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती नागपूरला होती आणि संदेश सावलीला. ठराव झाला. रविवारी भर उपासनेत तो वाचून दाखवायचा होता. वाचणार कोण? सेक्रेटरी.

शमुवेलरावांना आजारी पडता आलं असतं. चष्मा विसरता आला असता. पण त्यांनी उभं राहून, एकही शब्द न अडखळता, मुलाचं पूर्ण नाव, स्वतःच्या नावासकट, वाचलं. “...यांस प्रभुभोजनापासून वर्ज्य करण्यात येत आहे.” मागच्या दारात शालूबाई पेल्यांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. एकही पेला वाजला नाही, असं सांगणारे सांगतात. संदेश बाकावरून उठला, बाहेर गेला आणि कुंपणापाशी थांबून म्हणाला, “हा ठराव मागं घेतल्याबिगर मी या घराच्या फाटकात पाय नाई ठेवत.” शब्दाचा पक्का निघाला, आईवर गेला होता.

त्या दुपारी मी ओसरीवर होतो. शालूबाईंनी ताट वाढलं, नवऱ्यापुढे ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मास्तर, सेक्रेटरीसाहेबाले सांगा, जेवन झालं आहे.”

शमुवेलराव तीन हातांवर बसले होते. मला वाटलं, थट्टा आहे. मी हसलो. कोणीच हसलं नाही. मी सांगितलं.

त्या दिवसापासून अकरा वर्षं शालूबाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. आता फ्लेक्सवरच्या ‘प्रेमळ पत्नी’चं सांगतो. त्यांनी एक दिवसही नवऱ्याला उपाशी ठेवलं नाही. चारचा चहा चारला. शमुवेलरावांना साखर होती, पायाला जखम व्हायची आणि भरायची नाही. शालूबाई रोज संध्याकाळी कोमट पाण्याचं घमेलं घेऊन बसत, तो पाय मांडीवर घेत, धूत, पुसत, पट्टी बांधत, आणि सगळा वेळ घमेल्याशी बोलत. “सेक्रेटरीसाहेबाले सांगजा, अनवानी फिरू नोका म्हना. सेक्रेटरीसाहेब लय मोठे मानूस आहेत, त्याईले दगड दिसत नाई.” मी असलो तर मला सांगत. मी नसलो तर मांजरीला. हळूहळू शमुवेलरावांनाही वळण लागलं. तेही मलाच म्हणत, “मास्तर, त्यांना कळवावे की चहात साखर पडली आहे.” मी शिक्षक कमी आणि टपालखातं जास्त झालो. खोली बदलावी असं अनेकदा वाटलं, पण माझ्यामागे यांचं कामकाज कसं चालेल ही काळजी होती.

ठरावानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला मी योगायोगाने चर्चमध्ये होतो. शिक्षकदिनाचा सत्कार होता, एक शाल आणि वचनांचं कॅलेंडर. शेवटच्या बाकावर बसलो होतो. भाकरीची थाळी फिरत फिरत शालूबाईंपाशी आली. त्यांनी ती घेतली आणि स्वतः काही न घेता पुढे दिली. मग रसाचा ट्रेही तसाच. मग टॉवेल खांद्यावर टाकून रिकामे पेले गोळा करायला निघाल्या. त्या नेहमीच इतक्या धावपळीत असत, की त्यांनी खाल्लं की नाही हे बघायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

घरी मी विचारलं, “बाई, तुम्ही घेतलं नाही?”

“काल चाखून पायली ना. बरोबर होती.”

त्या पेले पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “मास्तर, ज्या पंगतीत माया पोट्ट्याले पाट नाई, त्या पंगतीत मी वाढीन. बसनार नाई.”

“मग संदेशला माफी मागायला सांगा ना. एक वाक्य तर आहे.”

“कोन्त्या चुकीची? प्रज्ञा चूक आहे?” माझ्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, की मी माझा चहा घेऊन खोलीत गेलो.

पुढच्या महिन्यापासून माझ्या कडा बंद झाल्या. त्या एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात भरून, वर स्वच्छ फडकं घालून शालूबाई माझ्या हातात देऊ लागल्या. “तुमी रविवारी सावलीले जाताच. दहाच्या आत पोचजा. इथी घंटा वाजन तवा त्याच्या तोंडात पायजे.” वर म्हणाल्या, “कमिटीले सांगा वाटलं तं. ही प्रार्थनेच्या आंधीची पोळी आहे, हिच्यावर कोनाचा ठराव नाई.”

पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा संदेशने तो माझ्याकडे परत सरकवला. “मास्तर, मले भीक नाई पायजे त्याईची.”

“त्यांची नाही. तुझ्या आईची आहे. आणि माझ्या तोंडची आहे, एवढं लक्षात ठेव.”

त्याने एक कड उचलली. ग्रीसने काळा झालेला हात आधी पँटला पुसला. घड्याळात दहा वाजले होते. अर्धी कड प्रज्ञाला दिली. पुढे त्याला मुलगी झाली, ती तर डब्यासाठी दुकानाच्या पायरीवर बसून राहायची. मीठ नाही, साखर नाही, त्या पोरीला त्यात काय सापडायचं कोण जाणे. बाजाराच्या दिवशी शालूबाई उघडपणे त्यांच्याकडे जात, नातीला खेळवत, सुनेच्या स्वयंपाकात खोड्या काढत. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. पण त्यांना ते पुरत नव्हतं. “जीव जायच्या आंधी एकदा त्याच्यासंगं खाल्लं पायजे,” असं त्या मला पुन्हा पुन्हा म्हणत. “त्याच्या दुकानात नाई. घरी. सगळ्याइच्या समोर.” पहाटेच्या प्रार्थनेच्या यादीत ते रोज शेवटी असे, आणि रोज उद्यावर जाई.

शमुवेलरावांना भाकरीचं मात्र काही ठाऊक नव्हतं. डबा जातो हेही नाही आणि बायको खात नाही हे तर नाहीच. दर पहिल्या रविवारी ते पुढच्या बाकावरून मान वळवून डोकी मोजत आणि मोत्यासारख्या अक्षरात प्रभुभोजन घेणाऱ्यांचा आकडा वहीत लिहीत. त्या वहीत त्यांची बायको अकरा वर्षं दर महिन्याला जेवली होती.

गेल्या हिवाळ्यात शालूबाईंच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला नेलं, तिथून परत पाठवलं. घरी आल्या त्याच दिवशी त्यांनी खाट ओसरीवर घ्यायला लावली. हवा लागते म्हणून, असं डॉक्टरांना सांगितलं. खरं कारण कुंपण. संदेश रोज यायचा आणि फाटकाबाहेर सागाच्या खांबाला टेकून उभा राहायचा. आत प्रज्ञा यायची, तिने कसलीही शपथ घेतली नव्हती. इंजेक्शन द्यायची, अंग पुसायची, वेणी घालायची. शमुवेलराव तिला ‘सिस्टर’ म्हणत, उठून खुर्ची देत, पण बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे बघत नसत. मला एकदा तरी ओरडावंसं वाटलं होतं त्यांच्यावर. ओरडलो नाही. भाडेकरू होतो.

मग पहिला रविवार आला. एवढ्या वर्षांत प्रथमच भाकर दुसऱ्या कोणी केली. महिला मंडळाच्या चार जणींनी मिळून केली, त्यामुळे ती चौघींच्या मताप्रमाणे झाली. दुपारी नवे पाळक ओसरीवर आले. कोवळा मुलगा, पहिलीच नेमणूक, त्याला जुनं काही माहीत नव्हतं. आजारी माणसाला घरी भाकर आणि रस द्यायची पद्धत असते. त्याने छोटी थाळी काढली, प्रार्थना केली, तुकडा पुढे केला.

शालूबाईंनी विचारलं, “कडा कोनाले देल्या?”

पाळक गोंधळला. “कडा? त्या... टाकून दिल्या असतील बाई.”

शालूबाईंनी डोळे मिटले. त्याला वाटलं, प्रार्थना करतायत. त्याने तुकडा ओठांजवळ नेला. त्यांनी तोंड बाजूला केलं. “मी नाई घेत, पाळकसाहेब. मी वाढनारी आहे.”

“म्हणजे?”

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा, मला कोणी न सांगितलेला निरोप मी पोचवला. “शमुवेलराव, त्यांनी ठरावाच्या दिवसापासून प्रभुभोजन घेतलेलं नाही. एकदाही नाही.”

शमुवेलराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी आधी मला दुरुस्त केलं. “नोंद आहे,” ते म्हणाले. “दर महिन्याची नोंद आहे.” मग खाटेकडे पाहिलं. शालूबाई फाटकाकडे बघत राहिल्या. ते आत गेले. बराच वेळ कपाटाचं दार वाजत राहिलं. बाहेर आले तेव्हा हातात इतिवृत्ताची वही होती.

त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं. ना बैठक, ना सूचना, ना गणपूर्ती. ज्या माणसाने कमिटीच्या चहाचीही नोंद घेतल्याशिवाय चहा प्यायला नव्हता, तो ओसरीवर भिंतीला वही टेकवून ठराव लिहीत होता. मग त्यांनी तो ऑफिसच्या आवाजात वाचला. “संदेश शमुवेल यांस प्रभुभोजनापासून वर्ज्य करण्याबाबतचा ठराव चुकीचा होता. तो रद्द करण्यात येत आहे. सूचक, शमुवेल.” इथे ते थांबले. ठरावाला अनुमोदक लागतो. त्यांनी पाळकाकडे पाहिलं, तो पोरगा थाळी धरून घाबरला होता.

खाटेवरून आवाज आला, “लिहा. अनुमोदक, शालिनी.”

त्या कमिटीवर कधीच नव्हत्या. शमुवेलरावांनी लिहिलं. ते मोत्यासारखं अक्षर त्या एका ओळीत पार वाकडंतिकडं झालं आहे, मी वही पाहिली आहे. मग ते पायऱ्या उतरले, पट्टी बांधलेला पाय ओढत फाटकापर्यंत गेले, कडी काढली आणि बाजूला झाले. संदेश खांबापासून निघाला आणि आत आला. मी तेव्हा रडत होतो, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

“आंधी त्याले,” शालूबाई पाळकाला म्हणाल्या. संदेशने खाटेपाशी बसून तुकडा घेतला. मग त्यांनी तोंड उघडलं. खूप वेळ चघळत राहिल्या, तोंडाला कोरड होती. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो.

“मीठ टाकलं कोनं याच्यात?” त्या म्हणाल्या.

शमुवेलराव वही छातीशी धरून खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांना काहीतरी करायचं होतं आणि काय ते सुचत नव्हतं. सवयीने ते माझ्याकडे वळले. “मास्तर, त्यांना विचारा, पाणी द्यावे काय?”

शालूबाईंनी मान त्यांच्याकडे वळवली. “मास्तरले कायले विचारता? अहो, मी इथीच तं आहे.”